तिचा माइक तिसऱ्या ट्रॅकवर होता

१४ नोव्हेंबर

आज सुट्टी होती. बाहेर गेलो नाही. नळवाला येतो म्हणाला होता, आला नाही. मशीनला कपडे लावले आणि ताईंना पत्र लिहायला बसलो.

ताई, नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? साडूभाऊंची तब्येत ठीक असावी. मी बरा आहे. भाजीत मीठ कधी दोनदा पडतं, कधी पडतच नाही, आठवड्याचा हिशोब बरोबर बसतो.

परवा हॉलमध्ये सिनेमा दाखवून झाल्यावर तुम्ही चहा न घेता निघून गेलात. तुमच्या जागी मीही गेलो असतो, पण हॉलची किल्ली माझ्याकडे होती. तेव्हा झालं काय ते लिहितो. तुमच्या छोटीने घरातल्या प्रत्येकाला कॅमेऱ्यासमोर बसवून प्रश्न विचारले होते. त्याचा सिनेमा करायचं तिच्या मनात होतं. त्याआधीच ती गेली, म्हणून मी तो करायला घेतला. (माझा अनुभव म्हणजे लग्नाच्या शूटिंगला तिच्यामागून ट्रायपॉड घेऊन चालणं.) तिचा कॅमेरा एकाच वेळी दोन फायली बनवतो. वरच्या खाचेतल्या कार्डावर मोठी, खरी फाईल. खालच्या कार्डावर तिचीच हलकी नक्कल, तिला प्रॉक्सी म्हणतात. मोठी फाईल दाखवली की आमचा कॉम्प्युटर धापा टाकतो, म्हणून कापाकापी हलक्या फायलींवर करायची आणि शेवटी त्यांच्या जागी मोठ्या जोडायच्या, अशी पद्धत आहे. मला पद्धतीचा पहिला अर्धाच भाग माहीत होता. हलक्या फायली छान पळत होत्या, माणसं ओळखू येत होती (आत्याबाई जरा चौकोनी दिसत होत्या, पण त्यांनी तक्रार केली नाही), मला वाटलं झाला सिनेमा.

तिचा आवाज नाही हे पहिल्याच क्लिपला कळलं होतं. दुसऱ्यांचे माइक नीट लावून द्यायचे आणि स्वतःचा विसरायचा, हे तिच्या स्वभावात बसणारं होतं, म्हणून मी पुढे गेलो.

मग हॉलमध्ये काय झालं ते तुम्ही पाहिलंत. काका पडद्यावर आले आणि कुणी काही न विचारता म्हणाले की खालचे सगळे गेले, वरचे चार आहेत. साडूभाऊ बराच वेळ भिंतीकडे बघून म्हणाले की मुळीच नाही, आमच्याकडे पहिल्यापासून हीच ठरवते. सासूबाई विनाकारण डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या, थांबल्या आणि पुन्हा हसल्या. शेवटी मी. शर्टाला बटण लावत हो, नाही, बघतो असं एकट्यानेच म्हणत होतो. मागच्या रांगेत कुणीतरी हळूच म्हणालं की यांचं आधीपासूनच असं होतं वाटतं.

दिवे लागल्यावर तुम्ही माझ्यापाशी आलात. “तिच्याच सिनेमातून तिलाच कापलंत तुम्ही?” मी खुर्च्या आवरायला लागलो. आमच्या घरात बोलायचं खातं तिच्याकडे होतं.

काल तिच्या स्टुडिओतल्या एडिटरकडे गेलो. त्याने सिनेमा लावला, साडूभाऊ पडद्यावर आले तिथे हसला, मग माझ्याकडे बघून हसायचा थांबला. त्याने सांगितलं की या कॅमेऱ्याच्या हलक्या फायलीत आवाजाचे पहिले दोनच ट्रॅक उतरतात. समोर बसलेल्यांचे माइक त्या दोनांवर. ती स्वतःचा नेहमी तिसऱ्यावर ठेवायची. “वहिनींचं बोलणं सगळं आहे हो, मोठ्या फायलींत. ते कार्ड आणा फक्त.”

तेव्हा मी तिला कापलं नाही, एवढं तुम्हाला कळावं म्हणून हे पत्र. बाकी काही नाही.

ता. क. : कॅमेरा तुम्ही आठवण म्हणून नेलात, तो तुमचाच. खालचं कार्ड मी आधीच काढून घेतलं होतं, फक्त वरच्या खाचेतलं काढून पाठवा. साडूभाऊ त्या कॅमेऱ्याने बागेतले पक्षी टिपतात असं कानावर आलं. कार्ड भरत आलं की जुनं पुसून टाकावंसं माणसाला वाटतं. त्यांना आजच्या दिवस पक्षी नुसते बघायला सांगा.

ता. क. २ : पुसलं गेलं असेल तर तसं लिहू नका. सापडत नाही, शोधतोय, असं कळवा. मी वाट बघत राहीन.

मशीन थांबलं. कपडे वाळत घालतो.