शेवंतीच्या वाफ्यातली हरळ

आई, तू गेलीस त्याला पंधरा वर्षं झाली. शेवंतीचा वाफा तू बिघडवला नव्हतास, मी बिघडवला. बडा गणपतीच्या आपल्या गल्लीत अजून सगळे उलटंच समजतात, आणि ते मीच समजावलं आहे.

आपल्या शहरातली राजधानी भोपाळला गेली, त्याच्या पुढच्या वर्षीचा ज्येष्ठ. तू आठवडाभर देवासला माहेरी गेली होतीस. वाफ्याशेजारी हातभर जागा तू दुर्वांसाठी राखली होतीस आणि ती हरळ आत शिरू नये म्हणून मध्ये छपराचे जुने कवेलू उभे गाडले होतेस. तरी शिरायचीच. मग खुरपं घेऊन बसायचीस, पांढरी मुळी तुटू न देता टोकापर्यंत काढायचीस. अर्ध्या तासात वीतभर जागा. मला हसू यायचं. कृष्णपुऱ्याकडून आणलेली जुनी पुस्तकं वाचून मी बागकाम स्वतः शिकलो होतो ना. मी कवेलू उपटले, फावडं घेतलं आणि दोन तासांत सगळा वाफा उलटा केला. माती काळीभोर, स्वच्छ दिसली. हरळीच्या प्रत्येक तुकड्याला, त्यावर एक पेर असलं की, नवा कोंब फुटतो, हे त्या पुस्तकांत नव्हतं. चौथ्या दिवशी पाऊस लागला.

गणपतीत वाफाभर हरळच, शेवंती कुठे दिसेना. नाना ओट्यावर उभे आहेत, शेजारच्या भाभीजी दुर्वा न्यायला आल्या आहेत. त्या म्हणतात, “वैनी, हा बगीचा आहे की गुरांची चरनोई?” सगळे हसतात. नाना विचारतात, हे कुणी केलं.

“आईला दुर्वा लागतात ना, तिनंच वाढू दिली,” मी म्हणतो.

तू माझ्याकडे बघतेस. हातात अर्धी बांधलेली जुडी. “हो, माझंच चुकलं,” म्हणतेस, आणि भाभीजींना हव्या तेवढ्या न्यायला सांगतेस.

पुढचे तीन हिवाळे तू दुखरे गुडघे घेऊन त्या वाफ्यात बसलीस. मला एकदाही काही बोलली नाहीस. बोलली असतीस तर बरं झालं असतं.

आता लोक मला बंगल्यांच्या बागा दाखवायला नेतात. मी सांगतो, फावडं लावू नका, दातेरी काट्यानं माती सैल करा, मुळी अखंड काढा, फरशीवर उन्हात कडक वाळवा, खताच्या खड्ड्यात टाकू नका. कुठे शिकलात म्हणून विचारलं की सांगतो, आपलं आपणच.

आज सकाळी परदेशीपुऱ्यात एका रिटायर मास्तरांनी विचारलं, हरळ वाफ्यात इतकी आत येते कशी? म्हटलं, घरच्या बायका दुर्वांसाठी सोडतात, दुसरं काय. त्यांना पटेना, म्हणून उदाहरण दिलं. तुझंच दिलं.