शर्यतीसाठी राखलेलं कुरण

हा-मोखेथी
२ सप्टेंबर

ती. ताईस,

सेखोबेचा शि. सा. न. इकडे शांती आहे, तिकडेही असेल असं धरून चालतो.

बातमी मोठी आहे, म्हणून आधी नीट बसून घे. यंदाची शाळांची डोंगरी सायकल शर्यत आपल्या गावात, आपल्याच डोंगरावर व्हायची आहे. आजवर आमचा संघ सायकली टेम्पोच्या टपावर बांधून दुसऱ्यांच्या गावी हरायला जायचा. आता दुसऱ्यांनी इथे येऊन हरावं. ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी. आपल्या गावप्रमुख बाई म्मे मानेओंनी होकार दिला आणि वर विचारलं की एवढ्या पाहुण्यांना जेवायला कोण घालणार. संघाच्या आया घालतील असं मी सांगून बसलोय, तेव्हा सुट्टी मिळाली तर बघ.

तुझी लेक वारं प्यालेल्या वासरासारखी झाली आहे. उतरणीवरच्या ज्या खडकांना पोरं ‘आजीचे दात’ म्हणतात, तिथे दाढीमिशा फुटलेले मुलगेही ब्रेक आवळतात. ही सीट खाली घेते आणि सरळ मधून जाते. मुलींच्या गटात पहिली तीच येणार, हे मी शाळेत सगळ्यांना सांगून ठेवलंय.

शिवाय डोकं कसं चालतं बघ. मी ब्रेकचे पॅड आणि ट्यूब आणायला मासेरूला गेलो होतो. तेवढ्यात हिनं सगळ्या संघाला कामाला लावून मार्ग आखून टाकला. बाहेरच्या पोरांनी चुकू नये म्हणून उतारभर दोन्ही अंगांना दगडांच्या राशी रचल्या, चांगल्या कमरेएवढ्या. आणि गंमत म्हणजे तेव्हापासून उतारावर एकही जनावर फिरकलेलं नाही. पूर्वी सरावाआधी आमचा निम्मा वेळ शेण उचलण्यात जायचा. गाईंनाही खेळाची अदब कळायला लागली म्हणायची.

संघाचे सदरे तुझ्याच हातचे हवेत. मापं सोबत जोडली आहेत. टॅक्सीवाल्या थेकोजवळ पत्र देतोय, उत्तरही त्याच्याच हाती दे. इथे फोनला अजून रेंज नाही आणि ती यायची चिन्हंही नाहीत.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा धाकटा,
सेखोबे


मापुत्सोए
७ सप्टेंबर

चि. सेखोबेस अ. उ. आ.

तुझं पत्र जेवणाच्या सुट्टीत कारखान्याच्या फाटकाशी मिळालं. पहिला अर्धा भाग वाचून ऊर भरून आला. पुढचं वाचलं आणि हातातला चहा सांडला.

अरे, आपल्या डोंगरात उतारावर दगडांची रास दिसली की तिचा अर्थ काय होतो, हे तुला मी सांगायचं? कुरण बंद. दुसरा अर्थच नाही. आणि ती रास घालायचा अधिकार एकट्या गावप्रमुखाचा. गाईंना खेळाची अदब कळलेली नाही रे शहाण्या, गुराख्यांना हुकूम कळलाय. आपला हिवाळा ऑगस्टात सरला की पहिलं कोवळं गवत त्याच उतारावर येतं. ती भुकेली गुरं आता कुठे जात असतील? पलीकडच्या खडकांत, जिथे बकरीलासुद्धा पाय ठेवायला विचार करावा लागतो. मासेरूत मास्तरकी शिकून आलास आणि गावातलं एवढंही डोळ्यांना दिसेना झालं का?

हे पत्र मिळताच म्मे मानेओंकडे जा. टोपी काढून जा. पोरीला सोबत ने, पण बोल तू. तिच्या तोंडाला लगाम नाही, हे मी तुला सांगायला नको.

सदरे शिवते. कारखान्याबाहेर निळं कापड चांगलं मिळालं आहे. तुझं स्वतःचं माप तू मागच्या वर्षीचं पाठवलंस, हे मात्र मला पटलेलं नाही. पोटाशी दोन बोटं वाढवते.

रागावले तरी जीव तुम्हां दोघांतच आहे.

तुझी ताई,
मालिम्फो


हा-मोखेथी
१४ सप्टेंबर

ती. ताईस शि. सा. न.

तुझं पत्र हाती पडलं तेव्हा मी गावसभेतूनच परतत होतो. म्हणजे जे व्हायचं ते आधीच होऊन गेलं होतं.

झालं असं की ज्यांची गुरं त्या उतारावर चरतात ते म्हातारे न्ताते मोहापी म्मे मानेओंकडे गेले आणि म्हणाले, कुरण बंद केलंत ते ठीक, पण सभा न बोलावता कसं केलंत? बाई म्हणाल्या, मी तर काहीच बंद केलेलं नाही. मग माणसं डोंगरावर गेली, राशी पाहिल्या, आणि दुसऱ्या दिवशी सगळा गाव गोठ्याजवळच्या पटांगणात जमला.

मोहापी ओरडले नाहीत, हेच वाईट वाटलं. त्यांनी शांतपणे सांगितलं की हुकूम समजून त्यांनी गुरं पलीकडच्या अंगाला नेली, गाई आटल्या, आणि एक गाभण गाय कड्यावरून घसरून लंगडी झाली. हुकूम पाळल्याचं फळ हे असेल तर उद्यापासून कोण पाळेल, असं त्यांनी विचारलं. बाकीचे पुरुष मात्र चांगलेच तापले होते. शर्यत रद्द करा, सायकली नदीत टाका, इथवर गेले.

मी दोष माझ्यावर घ्यायला उठणार, तोच तुझी लेक उभी राहिली. मी सदरा ओढला तरी बसेना. तिनं सांगितलं की राशी तिनं रचल्या, मामा गावात नव्हते. राशीचा अर्थ तिला ठाऊक होता, पण डोक्यात फक्त सायकली होत्या, गुरं नव्हती. मग म्हणाली की न्ताते मोहापींची गुरं ती स्वतः शाळेआधी आणि शाळेनंतर नदीपलीकडच्या गवताला नेईल, शर्यतीच्या दिवसापर्यंत. मुलगी गुरं राखणार म्हटल्यावर पुरुष हसले. कुणीतरी विचारलं की गाईला ब्रेक कुठे असतो ते माहीत आहे का. मोहापी हसले नाहीत.

म्मे मानेओंनी निवाडा असा दिला की राशी आजच मोडायच्या, आणि शर्यत होईल की नाही ते मोहापींनी सांगायचं. त्यांचं समाधान झालं तर होईल, नाही तर नाही. म्हणजे ताई, सगळ्या संघाचं नशीब आता एका म्हाताऱ्याच्या हाती आणि त्याच्या गाईंच्या पोटात आहे.

तुझं म्हणणं खरं होतं, तिच्या तोंडाला लगाम नाही. पण त्या दिवशी तो नसल्याचा मला अभिमान वाटला. आणि मी आंधळा ठरलो तेही मान्य. पोटाशी दोन बोटं वाढव.

लोभ आटू देऊ नकोस, आटायला इकडे गाई आहेत.

तुझा,
सेखोबे


हा-मोखेथी
२२ सप्टेंबर

ती. आईस,

लिम्फोचा सा. न.

मामानं सगळं कळवलं असेलच, आणि स्वतःचा भाग थोडा मोठा करून. मी ठीक आहे. अंगाला गोठ्याचा वास येतो म्हणून वर्गात माझ्या बाकावर कुणी बसत नाही, त्यामुळे जागा भरपूर मिळते.

सरावाचं मात्र वाटोळं झालं आहे. संघातली बाकीची चढावर जातात तेव्हा मी शेपट्यांमागे चालत असते. त्यांनीही राशी रचायला हात लावला होता, म्हणून ती आळीपाळीनं येतात, पण रोज जाणारी मी एकटीच. गुराखी पोरं मला सायकलवाली गुराखीण म्हणतात. एकानं विचारलं की तुझ्या गाईला पंप मारलास का. मी म्हटलं, आधी तुझ्या डोक्यात मारते, ते जास्त रिकामं आहे.

न्ताते मोहापी पहिले काही दिवस माझ्याशी बोललेच नाहीत. मी लंगड्या गाईच्या पायाला पट्टी बांधली तर ती सोडून त्यांनी पुन्हा बांधली. मग एकदा मी ती सोडून माझ्या पद्धतीनं बांधली. त्यावर ते म्हणाले की तुझी आजीही अशीच हट्टी होती. एवढंच.

आणि आई, परवा ते स्वतः म्मे मानेओंकडे गेले. शर्यत होऊ द्या म्हणाले. वर असंही म्हणाले की त्या दिवशी उतारावर पोरं वेगानं येतील, मध्ये जनावर आलं तर दोघांचेही पाय मोडतील, तेव्हा आता कुरण खरंच बंद करा. आता बाईंच्या माणसांनी राशी पुन्हा रचल्या आहेत, अगदी आमच्याच जागी. शर्यतीचं शेवटचं पोर डोंगरावरून उतरेपर्यंत कुरण बंद, तोवर सगळ्यांनी गुरं नदीपलीकडे न्यायची, असा हुकूम आहे. सगळी गुरं त्या दिवशी कडेला थांबून राहतील. म्हणजे शर्यत होणार.

मी तरीही गाई राखायला जाते. दिवस कबूल केले होते ते केले होते. तू येशील ना? पहिली आले तर तुझ्यासमोर यावं असं वाटतं.

माझ्यावर रागावली असलीस तर थोडं, फार नको.

तुझी,
लिम्फो


मापुत्सोए
३० सप्टेंबर

चि. लिम्फोस अ. उ. आ.

सोबत सदरे आहेत. तुझ्या सदऱ्याच्या पाठीला खिसा मोठा ठेवला आहे, ट्यूब आणि पंप दोन्ही मावतात. विसरलीस तर गाठ माझ्याशी आहे.

मी येऊ शकत नाही, बाळा. परदेशची मोठी मागणी आली आहे, शनिवारीही काम आहे, आणि जी बाई येणार नाही तिच्या मशीनवर सोमवारी दुसरी बसलेली असेल. हे लिहिताना मला जे होतंय ते लिहीत नाही.

तू गुरं राखतेस हे वाचून आधी माझं डोकं फिरलं. मी इथे दिवसभर पँटी शिवते ते लेकीनं शेण तुडवावं म्हणून नाही, असं मनात आलं. मग रात्रभर विचार केला. मोठमोठी माणसं चूक करून टोपी डोळ्यांवर ओढून घेतात. तू सभेत उभी राहिलीस. तुझे वडील आज असते तर त्यांनी ही गोष्ट, ते कामाला होते त्या अख्ख्या खाणीत सांगितली असती.

सकाळी आंबील पी, पण पोटभर नको. आजीच्या दातांवर शहाणपणानं जा. पहिलं येण्यापेक्षा दात शाबूत राहणं बरं, तुझे.

मन तिकडेच ठेवून,
तुझी आई


हा-मोखेथी
१२ ऑक्टोबर

ती. ताईस शि. सा. न.

शर्यत झाली. निकाल आधीच सांगतो, म्हणजे तुझा जीव टांगणीला राहणार नाही. लिम्फो मुलींमध्ये सर्वांत शेवटी आली. पोरगी धडधाकट आहे. आता पुढचं निवांत वाच.

आदल्या दिवशी आम्ही सायकली धुतल्या, साखळ्यांना तेल दिलं, नंबर बांधले, टायरमधली हवा दहादा दाबून पाहिली. तुझे निळे सदरे घालून पोरं उभी राहिली तेव्हा म्मे मानेओंनी कापड चिमटीत धरून पाहिलं आणि कुणी शिवले ते विचारलं. मी नाव सांगितलं. माझा सदरा पोटाशी बरोबर बसला, त्याबद्दल कुणी काही विचारलं नाही.

पहिल्या फेरीत लिम्फो पुढे होती. खरं सांगतो, मी ओरडून घसा बसवून घेतला. दुसऱ्या फेरीत आजीच्या दातांपाशी लेरिबेची एक उंच मुलगी तिच्या पुढे निघाली, आणि तुझ्या लेकीला ते सहन झालं नाही. बाहेरून, जिथून कधीच कुणी जात नाही तिथून, तिनं सायकल पुढे काढायला बघितलं. टायरची बाजूच चिरली. ट्यूब होती, पंप होता, तुझ्या खिशात सगळं होतं, पण एवढ्या चिरेला ट्यूब काय करणार? घाई तिची तीच. राशी रचतानाही हीच घाई होती.

नियम असा आहे की सायकल स्वतःच न्यायची, मग चालवत न्या नाही तर खांद्यावर. तिनं खांद्यावर घेतली. खाली उतरून पुन्हा अख्खी एक फेरी उरली होती. एकेक मुलगी तिला मागे टाकून गेली. बक्षीस मिळालेल्या मुलींचं पाणी पिऊन, तोंडं धुऊन झालं, तरी निळा ठिपका वर चढतोच आहे. आयोजकांपैकी एकजण म्हणाला की तिला थांबवा, उशीर होतोय.

आणि गुरं. सगळ्या गावाची गुरं सकाळपासून कडेला अडवून धरलेली, समोर वीतभर गवत. हंबरून हंबरून त्यांनी डोंगर डोक्यावर घेतला होता. एका गुराख्यानं मोहापींना विचारलं की आता सोडायची का, बाकी सगळी उतरली आहेत. मोहापी म्हणाले की हुकूम शेवटच्या पोराचा आहे, आणि शेवटचं पोर अजून वर आहे. मग ते स्वतः काठी आडवी धरून गाईंपुढे उभे राहिले. त्यांचं बघून बाकीचे उभे राहिले, सभेत सायकली नदीत टाका म्हणणारेसुद्धा. कुणी घाई केली नाही.

ती शेवटच्या उतरणीवर आली तेव्हा गुडघा फुटलेला, चेहरा चिखलानं माखलेला. रेषा ओलांडून सायकल खाली ठेवली आणि पहिल्यांदा ती मोहापींकडे बघून म्हणाली की उशीर केला, माफ करा, आता सोडा गुरं. मोहापींनी सोडली नाहीत. ते दगडावर चढले आणि त्यांनी तिची स्तुती गायली, ताई. आपल्याकडे सरदारांची गातात, लढवय्यांची गातात, फार तर आवडत्या बैलाची गातात, तशी. मोखेथीच्या डोंगराची लेक, म्हणाले, जी लोखंड खांद्यावर घेऊन आली. जिनं गाईचं देणं पायांनी फेडलं. जी मागे एकटी राहिली, पण जिनं वाट सोडली नाही. सगळा गाव प्रत्येक ओळीला हुंकार देत होता. म्मे मानेओ खुर्चीवरून उठून उभ्या राहिल्या आणि मगच त्यांनी कुरण उघडल्याचं जाहीर केलं.

लेरिबेची ती उंच मुलगी पहिली आली. तिच्याकडे चषक आहे. तिची स्तुती कुणी गायली नाही, आणि ती ते टक लावून ऐकत होती.

लिम्फो घरी येऊन खूप रडली. हरल्याचं, की दुसऱ्या कशाचं, ते मी विचारलं नाही. तू आली नाहीस म्हणून थोडं होतंच. तिला लवकर लिही.

मामा म्हणून मिरवायला मला आता जन्मभर पुरेल. माया आहे तशीच राहू दे.

तुझा,
सेखोबे


मापुत्सोए
१६ ऑक्टोबर

चि. लिम्फोस अनेक, अनेक आशीर्वाद.

मामाचं पत्र मी मशीनवर बसून वाचलं. पँटीची शिलाई वाकडी गेली, उसवून पुन्हा घातली. शेजारच्या बायांनी विचारलं की बरी आहेस ना, घरी कुणी गेलं का. मी त्यांना पत्र वाचून दाखवलं. मोहापींच्या ओळी तर तीनदा वाचायला लावल्या. रांगेतल्या सगळ्या मशिनी थांबल्या तशी देखरेखीची बाई धावत आली.

बाहेरून पुढे काढायला गेलीस त्याबद्दल तुझे कान मी डिसेंबरात येऊन उपटणार आहे, ते वेगळं. गुडघ्याला नीट औषध लाव. न्ताते मोहापींना माझा नमस्कार सांग. त्यांच्यासाठी कोटाचं जाड कापड घेऊन ठेवलं आहे, पण माप विचारायचा धीर तूच कर.

तुला पहिली येताना बघायला मी नसणार, याचं मला इतके दिवस वाईट वाटत होतं. आता ते वाटत नाही. देखरेखीच्या बाईनं ओरडून विचारलं की एवढं काय झालंय, तुझी मुलगी शर्यतीत कितवी आली? मी उभी राहून सांगितलं की शेवटची आली, आणि सगळा डोंगर तिच्यासाठी थांबला.

जिवापाड माया असलेली,
तुझी आई