सरपंचबाई

मंगळवार, दिवेलागण

गल्लीतला दिवा गेलाय, म्हणून आज क्षेत्रीय कार्यालयात गेले. गाव पुणे शहरात घेतलं, ग्रामपंचायत गेली, तेव्हापासून तक्रार तिथंच द्यायची. पूर्वी लोक दिव्यासाठी माझ्या ओट्यावर येऊन भांडायचे.

खिडकीतल्या पोरीनं विचारलं, "नाव?" तोंडातून निघून गेलं, "सरपंचबाई."

ती हसली. "आजी, ते पद आता नाही. नाव सांगा."

साधं नाव, पण आठवायला वेळ का लागावा? आमचे हेसुद्धा मला सरपंचबाईच म्हणायचे. आधी चेष्टेनं, मग सवयीनं. नावानं हाक मारायची ती फक्त आई. आता दोघंही नाहीत.

घरी आले, दिवा बंदच. अंधारात मोठ्यानं म्हणून पाहिलं, "सुमन!"

कुणीच ओ दिली नाही. मीसुद्धा.