पुसलेला लाल ठिपका

मंगळवार, १२ मार्च. नाहूर.

आमच्याच गावच्या डोंगरावर लाल ठिपका. दुपारी ऑफिसात उपग्रहाच्या नकाशावर दिसला. जंगलात आग दिसली की वनखात्याला कळवायचं, हेच माझं काम. पण मार्चात गावाकडे भाजावळ असते, शेतात पालापाचोळा जाळतात. तेव्हाही असाच ठिपका येतो. साहेब म्हणाले, "तू कोकणातला, तूच ठरव." मी 'भाजावळ' लिहून ठिपका पुसला. गावाला एक फोन करायला काय झालं होतं?

संध्याकाळी काकांचाच आला. "रान पेटला रे. काजूची झाडां गेली सगळी. तुमच्या उपग्रहाक दिसला नाय?"

"ढग होते," म्हटलं. मार्चात ढग! तो ठिपका डोळ्यांसमोरून जात नाही. कुणाला सांगू?

फोन ठेवताना काका म्हणाले, "असूं दे. तू थंय हापिसात असस, ह्योच आमका धीर."