पुठ्ठ्याच्या गाडीतली पुढची जागा

६ नोव्हेंबर १९८०, गुरुवार
आणि वर उद्धवराव मलाच सांगणार की बाया टेकडीवरून घसरत नसतात! पॅकिंग खात्यात चौदा वर्षं पुठ्ठा मी दुमडते. उद्धवराव फोरमन होऊन नुसत्या सह्या मारतात.
थंडीत गवत वाळलं की गुरुवारच्या सुट्टीला खात्यातले गडी खोक्यांच्या गाड्या करून कंपनीमागच्या टेकडीवरून घसरतात. सगळ्यात जोरात आमचे हे जायचे. मागच्या थंडीत म्हणाले, ये, माझ्या मागं बस. मी म्हटलं, वय काय, लाज काय. एप्रिलात गेले.
आता रोज दिवे लागायच्या वेळी टेकडीवरून खर्रर्र येतं. मला भीती नाही. कान दुखतात फक्त. एकदा घसरून टाकलं की बंद होईल. गाडी तेवढ्यासाठीच. आठवण-बिठवण काही नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार
मंगळवारी मोडकी खोकी बाहेर काढतात. विचारून तीन आणली, मशीनची, जाड. ठराव: २७ च्या गुरुवारी घसरायचं आणि गड्यांत पहिला नंबर काढायचा.

१४ नोव्हेंबर
गाडी दोन माणसांएवढी लांब झाली. पुठ्ठाच तसा होता. शेजारची सरूबाई विचारते, पुढं कोण बसणार गं? म्हटलं, कोणी नाही, बॅलन्सला ठेवलीय. ती म्हणते, मग बॅलन्सला विडीचा वास कसा येतोय? वास मलाही आला. पुठ्ठा चिकटवलेल्या खळीचा असणार.
प्रौढ वर्गाच्या बाईंनी रोज चार ओळी लिहायला सांगितल्यात. आज झाल्या.

१८ नोव्हेंबर, सकाळी
पुढच्या जागेला खळगा पडलाय. माणूस बसून उठावा तसा. सरूबाईचं मांजर बसलं असेल. सरूबाईकडं मांजर नाही. मग दुसऱ्या कुणाचं तरी.

२० नोव्हेंबर, गुरुवार
गाडी चालवून बघितली नाही. चांगल्या कामाला ट्रायल कशाला? तळाला दोन मेणबत्त्या घासल्या.
उद्धवराव बघायला आले. म्हणे वैनी, खोक्यावरचा ‘ही बाजू वर’चा बाण चढाकडं आलाय, झाकणाच्या पट्ट्यांची तोंडं उताराकडं. माती गिळंल गाडी. भिवा बाण खाली लावायचा, म्हणून तर पळायचा. मी सांगितलं, बाण वर म्हणजे वर. चौदा वर्षांत माझं एक खोकं उलटं गेलं नाही. भिवा म्हणजे आमचे हे. त्यांच्याशीही यावरून दर वर्षी वाजायचं. त्यांनाही कळत नव्हतं.

२६ नोव्हेंबर
आज खर्रर्र दोनदा आलं. घाई दिसते. मी खिडकीतून ओरडले, उद्या! दम धरा की! सरूबाईनं तिची खिडकी लावून घेतली.

२७ नोव्हेंबर, गुरुवार
मागच्या जागेवर बसले. पुढची मोकळी. उद्धवरावांनी ढकलली. दोन हात गेली आणि पट्ट्यांत माती भरून थांबली. गडी फिदीफिदी हसले. सयाजी म्हणे, कस्तुराबाईंनी टेकडीच पॅक केली राव.
मी टाचा रोवून नेट लावला. चर्रकन गाडी मधोमध फाटली. पुढचं अर्धं सुटलं, गर्रकन फिरलं, बाण खाली झाला आणि निघालं. रिकामं. खर्रर्र करत. सगळ्यांच्या गाड्या मागं टाकून थेट ओढ्याजवळच्या दगडापर्यंत. तिथं आजवर फक्त एकच माणूस पोचलेला.
कोणी हसलं नाही. उद्धवरावांनी टोपी काढली.
मी अर्ध्या पुठ्ठ्यावर बसून होते. वाऱ्याचा दोष.

३० नोव्हेंबर, रविवार
तीन दिवस झाले, आवाज नाही. मला हवं तेच झालं. छान झोप येते. म्हणजे येईल. जेवण जात नाही ते खळीच्या वासानं.
आजही दिवे लागेपर्यंत खिडकीत उभी होते. मांजर बघत.
अहो, परत एकटेच गेलात ना? थांबायचं तरी खाली. बाण खाली लावते, मानलं तुमचं. एवढ्यावरून रुसायचं?
परवा मंगळवार, खोकी बाहेर काढतील. एकाची गाडी करू का दोघांची? उद्या सोमवारी दिवे लागायच्या आत सांगा. बोलू नका हवं तर. नुसतं खर्रर्र केलंत तरी कळेल मला.