मागच्या सीटखालचे बूफर

३ मार्च, मंगळवार

चिरंजीवांनी आज आपल्या चारदारी पिकअप ट्रकची मागची सीट उपटली. माझी सीट. तिच्यावर गुडघा लांब करून मी दर रविवारी धाकट्या बहिणीकडे जाते. दीड तास जायला, दीड यायला. ती आता अंथरुणातून उठत नाही. मी गेले तरच भेट.

सीट दारात उताणी पडलीय, चारी पाय वर. विचारलं, हे काय? म्हणाला, "सीट चार इंच वर घ्यायचीय आई. खाली बूफर बसवतोय."

बूफर म्हणजे टोपलीएवढे भोंगे. गाण्यातली धडधड तेवढी मोठी करतात. वय वर्षं त्रेपन्न! या वयात लोक कवळी बसवतात, हा भोंगे बसवतोय. तसं तोंडावर म्हटलंही. नुसता हसला. हल्ली काहीही बोला, हसतो. पत्र्याच्या कारखान्यात तीस वर्षं काढली, स्वतःचाच पत्रा झालाय.

४ मार्च

रविवारचं काय, म्हणून दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा म्हणाला, "होईल." या घरात माझं कोणी ऐकत नाही, म्हणून तर ही वही.

५ मार्च, गुरुवार

त्याचा दोस्त आला, वेल्डर. दोघांनी लोखंडी चौकोनी नळीचे चार तुकडे कापून सीटच्या पायांखाली दिले. लांब बोल्ट आवळले. भोंग्यांची पेटी खाली सरकवली, वर बोटभर फट राहिली. झालं, एकमेकांची पाठ थोपटली.

मी पायरीवरून म्हटलं, "माप रिकाम्या सीटचं घेतलंत. माणूस बसला की सीट खाली येते."

वेल्डर म्हणतो, "काकू, लोखंड आहे ते. लवत नाही."

बावीस वर्षं गाद्या शिवल्या मी, आणि हा मला शिकवतो. म्हटलं, मग बस. बसला. चांगला भरलेला गडी आहे. खालून असं कर्रकन वाजलं की समोरची बाई खिडकीत आली. भोंग्याची जाळी चेपली. आणि आमचे चिरंजीव शेजारी उभे राहून विचारतात, "बसली ना नीट?" डोकं कुठे असतं कोण जाणे.

७ मार्च, शनिवार

आता पाच इंच. चढून पाहिलं. चढले कसली, सुनेने पोत्यासारखं मागून ढकललं. वर डोकं छताला टेकलं, खाली पाय लोंबकळले. मान वाकडी करून दीड तास? जमायचं नाही.

म्हटलं, "माझ्या बहिणीपेक्षा तुझे भोंगे मोठे." तो हसला. सून मात्र फणकारली, "एवढं एक करू द्या त्यांना, आई." ती कधी उलट बोलत नाही. म्हणजे तीही सामील.

८ मार्च, रविवार

गेले नाही. धाकटीला फोन केला. म्हणाली, "तू येणार म्हणून वेणी घालून घेतली होती गं."

भोंग्यांना आग लागो.

११ मार्च, बुधवार

चिरंजीवांनी दाराखाली दुमडती पायरी जोडली. वर धरायला दांडी. लाच ओळखते मी. मग मान खाली घालून विचारतो, "आई, गादीची जाडी कमी करता येईल?"

दुपारभर बसून फोम तीन बोटं कापला. खोळ उसवून परत शिवली. आता डोकं टेकत नाही. काम झकास झालंय. त्याला सांगितलं नाही.

१५ मार्च, रविवार

निघालो, दोघंच. मी मागे, पाय लांब करून. माझ्या सूचना चालू — हळू घे, गतिरोधक, सायकलवाला बघ. वर्षानुवर्षं देतेय. माझ्यामुळेच गाडीला ओरखडा नाही.

पूल ओलांडला आणि पोटरीत गोळा आला. म्हटलं, थांब रे. थांबला नाही. ओरडले. नाही. भोंगे बंद, गाडीत दुसरा आवाज नाही, आणि हा मजेत मान डोलवत चाललाय. शेवटी चप्पल फेकली. खांद्यावर बसली.

गाडी कडेला घेतली. चेहरा पांढरा पडला होता. "कधीपासून हाक मारतेस?"

"पुलापासून."

म्हणाला, दोन वर्षं झाली. कारखान्यातल्या यंत्रांनी कान खाल्ले. एक गेलाच, दुसऱ्याला थोडं येतं. तोंडाकडे बघून बाकीचं जुळवतो. सुनेला ठाऊक आहे.

"मला का नाही सांगितलंस?"

दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा पुढे वाकून, त्याला तोंड दिसेल असं.

म्हणाला, "तू माझ्या गाडीत बसली नसतीस. मग मावशीकडे कोण नेलं असतं?"

खरं आहे. नसते बसले.

मग त्याने गाणं लावलं. सीट खालून धडधडायला लागली. हात मागे करून माझ्या सीटवर पंजा ठेवला. "गाण्यातलं एवढंच पोचतं आता. पाठीतून."

माझी कवळी हलत होती. दोन वर्षांचे माझे टोमणे, एकेक घासून पुसून मारलेले! सगळे फुकट गेले.

धाकटीला यातलं काही सांगितलं नाही. वेणी छान दिसत होती.

२२ मार्च, रविवार

आज पुढे बसले, त्याच्या चालू कानाच्या बाजूला. गुडघा ठणकतोय. पूल आला तेव्हा त्या कानाशी वाकून म्हटलं, "गाडी हाकतोस की म्हैस?"

तोंड वाकडं केलं त्याने. ऐकू आलं.