कणसरीचा भात

गुरुजी, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आश्रमशाळेतल्या आजच्या मुलांना तुमचा चेहराही ठाऊक नाही. तुमचा नियम मात्र अजून तिथे चालतो. निरगुडीचा फोक एका तळव्यावर बसला की दुसरा हात आपणहून पुढे करायचा. जो करेल तो सुटला. जो हात मागे घेईल त्याला रक्त येईपर्यंत. मी पहिल्याच दिवशी मागे घेतला होता. संध्याकाळी मला घास उचलता येईना, तेव्हा तुम्हीच शेजारी बसून भरवलंत, आणि मग सांडलेली शितं त्याच सुजलेल्या बोटांनी वेचायला लावलीत. "कणसरी आहे ती, पायाखाली येता कामा नये." परगावचे असून आमची धान्याची देवी तुम्ही मानत होता. म्हणून तुमच्यावर रागवावं की नाही, हे मला कधी ठरवता आलं नाही.

आता मी दुबईत, करामा भागात राहतो. नोकरी सांभाळून एक काम करतो. आपल्या पाड्यांवरची जी पोरंपोरी हॉटेल मॅनेजमेंट शिकतात, त्यांना उन्हाळ्याच्या सुट्टीत इथल्या हॉटेलांत काम मिळवून देतो. मॅनेजर मंडळी विचारतात, "काय साहेब, जंगलातून डायरेक्ट दुबई?" आणि हसतात. मीही हसतो, कारण मला जागा हव्या असतात. रोज सकाळी दिवा लावताना एवढंच मागतो, की ही मुलं धडपणे घरी पोचू देत.

या वर्षी आपल्याच शाळेतली एक मुलगी आली. तिला अल बर्शातल्या एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात लावलं होतं. या कामाचं सर्टिफिकेट मिळालं नाही तर तिचं कॉलेजचं वर्ष वाया जाणार होतं. परवा मी तिची खुशाली बघायला गेलो तर आत आरडाओरडा. बुफेत उरलेला भात इथे फेकावाच लागतो, तसा कायदा आहे. तिनं एक परात भरून भात कपड्याखाली झाकून ठेवला होता.

"ये क्या छुपाया है? इन्स्पेक्टर आया तो मेरी नौकरी जाएगी!" शेफ ओरडत होता.

ती हळूच म्हणाली, "फेकायचं नाय ते. कणसरी आहे."

त्याला काय कळणार? त्यानं हातातला लोखंडी झारा तिच्या उजव्या हातावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज मला दारापर्यंत आला. ती ओरडली नाही. तिनं डावा हात पुढे केला, तळवा वर करून. शेफला वाटलं, पोरगी आपल्याला खिजवते आहे. "अकड दिखाती है!" म्हणत त्यानं तोही हात फोडला. गुरुजी, ती सुटण्याची वाट बघत होती.

मी झारा हिसकावला आणि त्याला मारत सुटलो. तोंडावर, खांद्यावर, तो खाली पडल्यावर पाठीवर. त्याचे दात लादीवर पडलेले दिसत होते, तरी माझा हात थांबत नव्हता. दोघांनी मला मागे ओढलं.

हॉटेलचा मॅनेजर पुण्याकडचा. त्यानं केबिनचं दार लावून घेतलं. "अहो सर, तिनं पोलीस कंप्लेंट केली की तोही करणार. कॅमेऱ्यात तुम्ही क्लिअर दिसताय. जेल, मग डिपोर्ट. यल्ला, चला, विषय इथेच खलास करा."

मी म्हणालो, "तिला करू दे कंप्लेंट. माझं काय व्हायचं ते होईल."

दोन्ही हातांना ओली फडकी गुंडाळून ती कोपऱ्यात उभी होती. म्हणाली, "मला नाय करायची." मी तिच्याकडे पाहिलं. "सर, तुम्ही आत गेलात तर पुढच्या उन्हाळ्यात आमच्या पोरींना कोण आणील?"

बाकीच्या मुलांना मी त्याच दिवशी तिथून काढून दुसऱ्या हॉटेलांत लावलं. तिला मात्र काम करता येणार नाही. दोन्ही हात प्लास्टरमध्ये घेऊन ती उद्या घरी जाते आहे. वर्ष गेलं. शेफ बरा होऊन पुन्हा त्याच चुलीपुढे उभा राहील, आणि तो तिथे राहणार तो मी हात उचलला म्हणून. मी नुसता पोलिसांना फोन लावला असता तर आज तो कोठडीत असता.

दवाखान्यातून येताना गाडीत तिनं विचारलं, "सर, त्याला मारताना तुम्ही 'गुरुजी, गुरुजी' काय ओरडत होतात?"

मी म्हणालो, "देवाचं नाव घेत होतो."

तिनं मान हलवली आणि खिडकीबाहेर बघत बसली. हे तुम्हाला लिहितो आहे, पाठवायला पत्ता नाही म्हणूनच लिहिता येतं आहे. देवाचं नाव माझ्या तोंडात नव्हतं, गुरुजी. मी तुम्हाला मारत होतो.